कमी पाण्याची झाडं

तुयेच्या सड्यावर घर बांधलं तेव्हा
चुलतभाऊ म्हणाला, इथे जांभा आहे, माती नाही.
म्हटलं, ठाऊक आहे.
एकतीस वर्षं याच जांभ्यात पुरलेल्या
पायपांवरून चाललोय.

पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्वमन होतो.
पहाटे चारला लोखंडी चावी खांद्यावर,
अडीच फेरे वरच्या वाड्याला,
चार खालच्या,
आणि मे महिन्यात दाराशी बायका,
कळशा घेऊन नव्हे, कळशा वाजवत.

म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
रोपवाल्या एस्पेरान्सला सांगितलं,
जे मागणार नाही ते झुडूप दे.
हायड्रेंजियाकडे बोटसुद्धा करू नकोस.
ती रोपांवर गोणपाट ओढत हसली.
‘तसलें झाड देवान करूंक ना.
पयलें वर्स सगळींच मागतात.’

तरी निवडत बसलो उकिडवा.
पिटकुळी घेतली, सड्यावर ती आपसूक लाल होते,
मीटर नसलेल्या घरासारखी बिनघोर.
करवंद कुंपणाला,
त्याची मुळं चिऱ्याच्या फटीत कुठवर जातात
हे खात्यालाही माहीत नसेल.
कण्हेर, कारण गुरं तोंड लावत नाहीत.
निर्गुडी गुडघ्यांसाठी, माझ्या आणि बायकोच्या.
धायटी तिच्याकडे नव्हती,
ती मग चांदेलच्या रस्त्याकडेला बी होईस्तोवर थांबून
कागदाच्या पुडीत आणली.
तगर नको म्हटलं. दोन दिवस चुकले की
पानं लोंबवून दाखवते,
तक्रारवहीतल्या त्या एका मास्तरासारखी.

शेवटी बोगनवेल.
एस्पेरान्स म्हणाली, हिचं पाणी तोडा,
ताण बसला की फुलते.

मी रोप खाली ठेवलं.

एका मेमध्ये वरून फोन आला होता,
किनाऱ्यावर कुणाचं तरी लग्न, तरणतलाव भरायचा होता,
आणि मी वरच्या वाड्याचे अडीच फेरे
उलटे फिरवले. तीन दिवस.
कुणीही फुललं नाही.
घुमटीजवळच्या द्वारकीने तिसऱ्या दिवशी
रिकामी बादली माझ्या पायाशी आणून ठेवली
आणि तशीच, हात हलवत, परत गेली.

बोगनवेल घेतली नाही.

पहारीने खड्डे काढले, एका खड्ड्याला एक सकाळ.
तळाशी नारळाची सोडणं घातली, उताणी,
ओल धरून ठेवतात.
वर शेणखत, त्यावर काजूचा पाला.
चतुर्थीपर्यंत प्रत्येकाने एकेक नवं पान काढून
हजेरी लावली.

मग बायकोने माहेराहून आबोली आणली, न विचारता.
आबोली! जी रोज मागते.
माझ्या यादीत नाही ती, म्हटलं.
माझ्या केसांत आहे, म्हणाली,
आणि तांदूळ धुतलेलं पाणी ओतून
आत निघून गेली.

अजून चारला जाग येते.
चावी डेपोत जमा केली, तीन प्रतींत सही करून,
तळहाताचा घट्टा मात्र कुणी मागून घेतला नाही.
तळाला खिळ्याने भोकं पाडलेला डबा घेऊन फिरतो,
करवंदाला एक, पिटकुळीला एक,
कण्हेरीला दिवसाआड.
आबोलीपाशी मोजत नाही.
पुढच्या मेला यातली अर्धी आपली आपण उभी राहतील
असं एस्पेरान्सचं म्हणणं.
बघू.

काल द्वारकीची नात आली, आबोलीचं बी मागायला.
मी पिकल्या बोंडांचा झुबका तोडून दिला.
पदरात घट्ट बांध, म्हटलं,
पाण्याचा थेंब लागला की तडकतं
आणि बी कुठल्या कुठे उडतं.
ती गाठ मारत होती. विचारायचं नव्हतं,
पण तोंडातून गेलं,
पाणी येतं ना आता वरच्या वाड्यावर?

गाठ अर्धी ठेवून तिने वर बघितलं.
‘तुमी माका इचारतात?’ म्हणाली.